शेवटच्या बांधीला आधी पाणी

माझ्या मोठ्या बहिणीचं नर्सिंगचं ॲडमिशन वाळवीनं खाल्लं. आमच्या घरी हे वाक्य असंच बोललं जायचं, यंदा धानावर तुडतुडा आला असं सांगावं तसं. सुनंदाला बारावीत चांगले मार्क होते, यादीत नाव लागलं होतं. जातपडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा जुना पुरावा हवा होता. आजोबा दोनच वर्षं शाळेत गेले आणि मग ढोरांमागं लागले. त्या दोन वर्षांची एक ओळ सानगडीकडच्या आमच्या गावच्या शाळेत, दाखलखारीज रजिस्टरात असणार होती. बाबांनी शाळेत चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला गुरुजींनी कपाट उघडलं, वरचं रजिस्टर उचललं, तर त्याची मातीच हातात आली. "खाल्लं जी वाळवीनं," म्हणाले, हात झटकले आणि कपाट लावून टाकलं.

मुदत संपली. त्या पावसाळ्यात सुनंदा आईसोबत दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला गेली. दिवसभर चिखलात उभं राहून तिच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या. संध्याकाळी चुलीजवळ बसून ती त्यांना हळद-तेल लावायची. आमच्या स्वतःच्या दोन बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, होत्या, पण तलावाच्या पाटाच्या अगदी शेवटाला. वरचे लोक आपापल्या बांध्या तुडुंब भरून घेत. आमच्यापर्यंत पाण्याऐवजी नुसता ओलावा यायचा.

मी दोन नंबरची. पुरावा नाही तर नाही, मी ओपनमधून बी.ए. केलं, वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी मान वर करून सांगते, कोणाला गर्व वाटला तर वाटू द्यावा. पण हा लेख माझ्यावर नाही, नामदेवभाऊंवर आहे. किळस कशाची करावी आणि कशाची करू नये हे मला त्यांनी शिकवलं, आणि त्यातलं अर्धं मला अजून पटलेलं नाही.

लाखनीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला कंत्राटावर काम लागलं. जुने प्रबंध, वार्षिक अंक, गावोगावच्या वह्या-रजिस्टरं स्कॅन करायची आणि डिजिटल भांडारात भरायची. हे भांडार चालवणारं सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचं. म्हणजे कोणाच्या मालकीचं नाही, कोड उघडा, कोणीही घ्यावा, सुधारावा, सुधारलेलं परत सगळ्यांना द्यावं. बाहेरचा एक माणूस ते बसवून देऊन निघून गेला होता. इंग्रजीत शोधलं की सापडायचं. मराठी शब्द टाकला की यंत्र ढिम्म. मी तीन दिवस डोकं आपटलं आणि शेवटी त्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांच्या फोरमवर प्रश्न टाकला. तासाभरात 'एन. हटवार' नावानं उत्तर आलं. इंग्रजी मोडकं, पण उपाय नेमका. मी भारावून लिहिलं, 'आदरणीय प्रोफेसर सर, आपण कोणत्या विद्यापीठात असता?'

उत्तर मराठीत आलं. 'मांगं पाह्य.'

मागं दाराशी स्टुलावर बसून पुस्तकांवर शिक्के मारणारा माणूस हसत होता. कॉलेजचे ग्रंथालय परिचर, नामदेव हटवार. बारावी नापास. प्राचार्य त्यांना 'हटवार, पाणी आण' म्हणायचे. आणि ज्या फोरमवर कोल्हापूरपासून आसामपर्यंतचे ग्रंथपाल आणि प्रोग्रॅमर बोलत होते, तो फोरम उभा करून चालवणारा माणूस हाच.

"मले वाटलं तुमी..." मी म्हणाले.

"सगळ्याईलेच वाटते. वाटू दे. परिचर म्हटलं का लोकं उत्तर वाचत नाईत."

त्यांना स्वतःला कोड फारसा लिहिता यायचा नाही. पण कोणाला काय येतं, कोण कधी मोकळा असतो आणि कोण नुसतं बोलतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. कोणाला कोणाशी जोडून द्यायचं, हेच त्यांचं काम. ते शिक्का मारता मारता चालायचं. खर्रा, म्हणजे प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली तंबाखू-सुपारी, सोडून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, पण पन्नी घोटायची सवय गेली नव्हती. खिशात पन्नी असायची, तिच्यात बडीशेप. अवघड प्रश्न आला की ती बोटांनी घोटत बसायचे. बडीशेपेचा भुगा व्हायचा आणि उत्तर निघायचं.

दुसरी सवय हात धुवायची. फोरमवर कोणी फार गोड लिहिलं, 'सर, आपण म्हणजे ज्ञानाचा सागर' वगैरे, की नामदेवभाऊ स्टुलावरून उठायचे, व्हरांड्यातल्या नळावर जायचे आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचे. पहिल्यांदा मला वाटलं, शिक्क्याची शाई लागली असेल.

"काय झालं भाऊ?"

"घीन आली."

'चालू झालं, धन्यवाद' एवढंच लिहून निघून जाणाऱ्यांचाही त्यांना तसाच राग. प्रश्न विचारताना दोन पानं लिहायची, दहा लोकांना कामाला लावायचं आणि सुटल्यावर कसं सुटलं ते सांगायचं नाही. "जेवला आन उष्टं ताट दुसऱ्याच्या मांडीवर ठेवून उठला," म्हणायचे. मग त्या माणसाला लिहायचे, 'कसं चालू झालं?' तो गप्प. आठ दिवसांनी पुन्हा, 'कसं चालू झालं?' पुन्हा आठ दिवसांनी. एका प्राध्यापिकेनं वैतागून विचारलं, तुम्हाला दुसरं काम नाही का? भाऊंनी लिहिलं, 'आहे. शिक्के मारायचे आहेत. कसं चालू झालं?' तिनं शेवटी पानभर लिहिलं. तेच पान पुढं कितीतरी जणांना उपयोगी पडलं, पण बाईंनी पुन्हा तोंड दाखवलं नाही.

फोरमचे नियम भाऊंनी कुठल्या पुस्तकातून आणले नव्हते. त्यांच्या गावच्या तलावावरून आणले होते. लाखनीजवळच्या त्यांच्या गावात जुनी रीत होती. पाणी सोडायचं ते आधी पाटाच्या शेवटच्या बांधीला, मग वर वर येत तलावाच्या तोंडाशी. हे ऐकलं तेव्हा मला आमच्या दोन बांध्या आठवल्या. आमच्या गावात ही रीत असती तर आईला दुसऱ्याच्या रोवणीला जावं लागलं नसतं. त्यांच्या गावात पाणी सोडण्याआधी घरटी एक माणूस पाट साफ करायला यायचाच. जो आला नाही त्याचा नंबर शेवटी. आणि तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, त्याच्या कुलपाची चाबी दर हंगामाला एकेका घरी फिरायची. श्रीमंत असो, गरीब असो, नंबर आला की चाबी त्याची.

फोरमवर तसंच. सगळ्यात नवा माणूस, सगळ्यात लहान वाचनालय, त्याच्या प्रश्नाला आधी उत्तर. मोठ्या संस्थांनी थांबायचं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढायच्या आधी आठ दिवस सगळ्यांनी जुने दोष दुरुस्त करायचे, त्याला आम्ही 'पाट साफ' म्हणायचो. एकदा एका नामांकित संस्थेचा संचालक फोनवर चिडला, आमचं काम अडलंय आणि तुम्ही कुठल्या खेड्यातल्या वाचनालयाला उत्तरं देत बसलात.

"तुमी तलावाच्या तोंडाशी बसले जी," भाऊ शांतपणे म्हणाले. "तुमच्या बांधीत पाणी पाझरूनही येते."

फोन ठेवून हात धुवायला गेले.

चार वर्षं असं चाललं. या लोकांनी मिळून सॉफ्टवेअरला मराठी शोधायला शिकवलं. एकेक ओळ कोणी लिहिली ते कोडातच नोंदलेलं होतं. कोल्हापूरच्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंनी हजारो शब्द तपासले. आसामच्या सैकियांनी, स्वतःला मराठीचं अक्षर येत नसताना, शोधाचा गाभा लिहिला. लोकांनी पदरचा वेळ घातला. माझ्याही सात ओळी त्यात होत्या, नावासकट. ते पान मी बाबांना दाखवलं होतं. बाबांना वाचता येत नाही, पण माझ्या नावाचा आकार त्यांना ओळखू येतो.

आता घाणीबद्दल लिहिते.

कोड जिथं ठेवला होता तिथली मालकीची चाबी, म्हणजे मुख्य पासवर्ड, भाऊंनी गावच्या रीतीनं फिरती ठेवली होती. दर हंगामाला एकाकडे. तो नंबर त्या संचालकाचा आला. त्याचं नाव मी लिहीत नाही, लिहिलं तर मलाही नळावर जावं लागेल. तोवर तो फार गोड झाला होता. भाऊंना 'माझे गुरू' म्हणायचा.

"भाऊ, याले नका देऊ," मी म्हणाले. "मले हा माणूस बरोबर वाटत नाई."

"नंबर त्याचा आहे."

"नंबर आहे म्हून द्याचीच का?"

"मंग नंबर कायले म्हणते त्याले? आन पोरी, चाबी घेऊन जाईल कोठी? तलाव तर येथीच आहे."

चाबी दिली. पंधरा दिवसांनी सकाळी मी लॉगिन केलं तर दार बंद. भाऊंचंही बंद. कोल्हापूरच्या बाईंचा फोन आला, त्यांचंही बंद. संचालकानं एकेकाला काढून टाकलं होतं. फोरम गायब. चार वर्षांचे प्रश्न, चार वर्षांची उत्तरं, सगळं कुलपात. पानावर त्याच्या संस्थेचं बोधचिन्ह, आणि खाली 'आमच्या चमूनं विकसित केलेली मराठी शोधप्रणाली'. लिहिणाऱ्यांची नावं पुसलेली. दोन दिवसांनी लोकार्पण झालं. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. फोटोत तो हात जोडून उभा, चेहऱ्यावर नम्रपणा इतका की ओतू जाईल.

त्याची किळस आली हे वेगळं सांगायला नको. पण खरी घाण पुढं होती. आमचा व्हॉट्सॲपचा ग्रुप शिल्लक होता. त्याच्यावर संचालकानं स्वतःच फोटो टाकले, आणि खाली रांग लागली. 'अभिनंदन सर.' 'अभिमानास्पद.' 'खूप खूप शुभेच्छा.' ज्यांचं नाव पुसलं गेलं होतं त्यांतल्या कित्येकांनी लिहिलं. त्याच्या संस्थेत परीक्षक म्हणून जायचं असेल, व्याख्यानाला बोलावणं हवं असेल, काय असेल ते असो. एकानंही विचारलं नाही की आमचा फोरम कुठं आहे. दोन अक्षरं लिहायला एवढे घाबरणारे लोक आमच्या कॉलेजांतून पोरांना शिकवतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. मी शिकलेल्या माणसांकडं फार मान वर करून पाहात आले होते. त्या दिवशी मान दुखली.

मी शिवी टाइप केली. चांगली गावरान, आमच्या आईच्या तोंडची. भाऊंनी माझ्या हातातून मोबाईल घेतला.

"काहून थांबवता?" मी ओरडले. "तुमाले घीन नाई येत का?"

"येते ना."

"मंग जा ना, हात धुवा!"

ते उठले नाहीत. पन्नी काढली, घोटली नाही, नुसती धरून बसले. मग म्हणाले, "त्याची नाई येऊन राहिली वं. माहीच येऊन राहिली. गावात चाबी ज्याच्या घरी, त्याच्या दारावरून लोकं दिवसातून चारदा जातेत. त्याच्या बायकोले विहिरीवर बाया विचारतेत. म्हून चाबी घरी राहाते. इथी कोणाचं दार कोणाले दिसते? मी रीत आणली आन गाव आणलंच नाई."

त्यांना खचलेलं मी तेवढंच पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते शिक्के बाजूला सारून फोनवर बसले. मला वाटलं, ओळखीच्या बड्या लोकांना सांगतील. पण त्यांनी फोन लावले ते शेवटच्या बांध्यांना. सानगडीचं वाचनालय, सैकिया, कोल्हापूरच्या बाई, मेळघाटातली एक आश्रमशाळा. प्रत्येकाला एकच प्रश्न, "तुमच्यापाशी काय काय उतरवून ठेवलं आहे?"

आणि तिथं गंमत झाली. मोठ्या संस्थांनी काहीच ठेवलेलं नव्हतं. त्यांच्याकडं नेट चोवीस तास, लागेल तेव्हा उघडायचं. खेड्यातल्या लोकांचं नेट पावसाबरोबर जाणारं, म्हणून त्यांनी संपूर्ण कोड, प्रत्येक आवृत्ती आपापल्या डिस्कवर उतरवून ठेवली होती, लिहिणाऱ्यांच्या नावांसकट. फोरमची उत्तरं मेलनंही यायची. कोल्हापूरच्या बाईंनी चार वर्षांत एक मेल पुसला नव्हता. सानगडीच्या वाचनालयवाल्यानं तर उत्तरं छापून फायली लावल्या होत्या.

"तलाव नाई नेला त्यानं," भाऊ म्हणाले. त्या दिवसापासून पन्नी पुन्हा घोटली जाऊ लागली. "निस्ती चाबी नेली."

दोन महिने पाट साफ केला. दुसऱ्या जागी, दुसऱ्या नावानं कोड उभा राहिला, ओळीओळीवर आपापल्या धन्याचं नाव घेऊन. मेलांतून फोरम परत भरला. ते भरायचं काम माझं. चाबी आता एकाकडं नसते. तिघांकडं असते, तिघांचंही होय आल्याशिवाय काही हलत नाही, आणि कोणी काय केलं ते सगळ्यांना दिसतं. "हे झाले दारावरून जाणारे लोकं," भाऊ म्हणाले. 'अभिनंदन सर' लिहिणारे हळूहळू तिकडंही आले. एकानंही मान खाली घातली नाही. 'पुन्हा भेटून आनंद झाला' म्हणे.

संस्थेला आम्ही पत्र लिहिलं, परवान्यात लिहिलंय की नावं पुसता येत नाहीत. उत्तर आलं नाही, अजूनही नाही. पण वर्षभरात त्यांची ती शोधप्रणाली अडली. अडणारच. तिथं विचारायला कोणी नव्हतं, सांगायला कोणी नव्हतं. मग एक दिवस आमच्या फोरमवर एका नव्या मुलीचा प्रश्न आला. संचालकाच्याच संस्थेतली, कंत्राटावर लागलेली. सगळा फोरम पेटला. कोणी उत्तर द्यायचं नाही असं ठरलं. ठरवण्यात मी पुढं होते.

भाऊंनी तिला आधी उत्तर दिलं. रांगेत तीन प्रश्न होते, तिचा चौथा. तरी तिला आधी.

"भाऊ, त्याचं काम करून देऊन राहिले तुमी!"

"त्याचं कोठी? तिचं. आठ दिवस झाले कामाले लागून. वरच्याईची बोलणी खाऊन राहिली असंल." पुढं म्हणाले, "तू नोती का तशीच? मांगं वळून पाहासाठी कोणीतरी लागते."

उत्तराखाली त्यांनी लिहिलं होतं, 'चालू झालं तर कसं झालं ते लिहजो.' तिनं लिहिलं. दीड पान. मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. माझ्या हातात असतं तर मी त्या संस्थेच्या यंत्राला वाळवी लागू दिली असती.

भाऊ मागच्या वर्षी रिटायर झाले. निरोपाच्या आदल्या आठवड्यात कॉलेजकडून जुन्या शाळांची रजिस्टरं स्कॅन करायचं काम निघालं आणि त्यात आमच्या गावची शाळा होती. मी आणि भाऊ त्यांच्या गाडीवर गेलो. तेच कपाट. गुरुजी आता दुसरे. त्यांनी उघडलं, वर वाळवीची वाळलेली माती. मी म्हणाले, "हेच ते. खाल्लेलं आहे."

"खालचं पाहिलं का कोणी?"

भाऊ आत हात घालायला वाकले, मग थांबले. बाहेर गेले, शाळेच्या हापशीवर साबण नव्हता म्हणून राखेनं हात धुतले, शर्टाला कोरडे केले आणि परत आले. त्यांना काही धरायच्या आधी हात धुताना मी पहिल्यांदाच पाहिलं. वरची माती एका बाजूला केली. खालचं रजिस्टर कापडी बांधणीचं, साबूत. कडेला दोन भोकं, बस. त्यांनी एकेक पान उलटलं आणि माझ्याकडं सरकवलं. आजोबांचं नाव, बापाचं नाव, जात, गाव. शेरा: 'गैरहजर, नाव कमी केले.'

म्हणजे ते तेव्हाही होतं. बाबा दारात उभे होते आणि ते त्याच कपाटात, एक हात खाली होतं. फक्त मातीत हात घालायची कोणाला तरी किळस आली होती.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मी त्या रात्री गावात घरीच राहणार होते. भाऊंनी गाडीला किक मारली, पन्नी खिशातून काढून थोडी बडीशेप माझ्या तळहातावर ओतली आणि "स्कॅन साफ काढजो," म्हणून निघाले. शेतांच्या कडेनं, धुऱ्याधुऱ्यानं त्यांची गाडी लहान होत गेली. एक हात हँडलवर, दुसरा पन्नी घोटत.

संध्याकाळी सुनंदाला मोबाईलवर ते पान दाखवलं. तिनं ते बोटानं मोठं केलं, बराच वेळ पाहिलं.

"माह्या टायमाले होतं का हे?"

"होतं."

तिनं मोबाईल परत दिला आणि भाताचं भांडं चुलीवरून उतरवलं.

आज आमच्या शाळेचं ते रजिस्टर, मुख्याध्यापकांच्या परवानगीनं, भांडारात आहे. कोणाला पुरावा लागला की शाळेत मराठीत नाव टाकतात, पान उघडतं, तिथल्या तिथं सही-शिक्का मिळतो. माझ्या काकाच्या मुलीला, प्रीतीला, त्याच पानावर जातपडताळणी मिळाली. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.